रोजच्या कामाच्या धबडग्यात काही सुचावे यासाठी काय करावे?

तुम्ही विचारले आहे की नोकरी, घर आणि प्रवास यांतच दिवस सरतो, वेगळे काही अनुभवायला मिळत नाही. मग लिहिण्याची प्रेरणा आणावी कुठून आणि सर्जनशीलता टिकवावी कशी? या प्रश्नात असे गृहीत धरलेले दिसते की काही सुचण्यासाठी रोजच्या कामातून सुटका व्हायला हवी. मला ते मान्य नाही, कारण मराठीतील निर्मितीचा एक प्रचंड साठा अत्यंत कंटाळवाण्या आणि रोज करावयाच्या कामातूनच उभा राहिला आहे. तो म्हणजे जात्यावरच्या ओव्या.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या पुण्यातील अभ्यासकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० आणि १९९० च्या दशकांत महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांत फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या गाणाऱ्या बहुतेक स्त्रियांना लिहिता-वाचता येत नव्हते, आणि स्वतःला कवयित्री म्हणवून घेण्याचा विचारही त्यांच्यापैकी कोणाच्या मनात आला नसावा. पहाटे उठायचे, घरातल्या माणसांना पुरेल एवढे पीठ दळायचे आणि मग दिवसाच्या उरलेल्या कामांना लागायचे, असा त्यांचा क्रम होता. हे कष्ट रम्य होते असे मी म्हणणार नाही; गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांच्या खांद्यांना आराम मिळाला आणि ते योग्यच झाले. मात्र दळण थांबले तशी नव्या ओव्या रचल्या जाण्याची जागाही नाहीशी होत गेली, आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. गाणाऱ्या बाईचे दुःख, तिचे माहेर, तिची बुद्धी हे सगळे जागच्या जागी होते. नाहीसे झाले ते हातांना गुंतवून मन मोकळे ठेवणारे काम.

जात्यावर नेमके काय घडत असे हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. एका हाताने खुंटा फिरवायचा, दुसऱ्या हाताने मूठ मूठ धान्य जात्याच्या तोंडात सोडायचे. या कामाला सवयीपलीकडे लक्ष लागत नाही, पण त्याला एक न तुटणारी लय असते. ओवीची घडण छोटी, बहुधा दोन ओळींची, त्यामुळे मोठे काही रचायचे आहे असे दडपण येत नसे. ‘पहिली माझी ओवी’ अशी तयार सुरुवात पिढ्यान्‌पिढ्या हाताशी असल्यामुळे कोऱ्या जागेपासून आरंभ करावा लागत नसे. दोघी दळायला बसल्या असतील तर एकीने म्हटलेली ओळ दुसरी पुन्हा म्हणे, आणि तेवढ्या अवधीत पहिलीला पुढची ओळ जुळवायला उसंत मिळे. विषयही जवळचेच असत : भाऊ, लेक, पंढरीचा विठ्ठल, बाबासाहेब आंबेडकर. स्वतःच्या सासुरवासाबद्दल उघड बोलता येत नसे तेव्हा सीतेचा वनवास गायला जाई, आणि त्यात आपले सगळे सांगून होई. म्हणजे प्रेरणेची वाट पाहण्याची गरजच पडू नये अशी ही व्यवस्था होती, आणि ती कोणा एकीच्या प्रतिभेवर अवलंबून नव्हती.

प्रतिभा असली तर याच व्यवस्थेतून काय उभे राहते हे बहिणाबाई चौधरींकडे पाहून कळते. जळगावजवळच्या आसोद्यात १८८० मध्ये जन्मलेल्या या शेतकरी बाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांनी जाते, मोट, धान्याची उपणणी, सुगरणीचा खोपा यांवर गाणी रचली, आणि त्यासाठी त्यांना शेत आणि घर यांच्या पलीकडे जावे लागले नाही. ती गाणी आज आपल्या हाती आहेत याचे मोठे श्रेय ती लिहून ठेवणाऱ्यांना, विशेषतः त्यांचे पुत्र सोपानदेव यांना आहे. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला. लिहून घेणारे कोणी नव्हते म्हणून विरून गेलेल्या रचना किती असतील, या विचाराने मला आजही हळहळ वाटते.

आता तुमच्यापुरते. तुमचे नोकरीतले काम संगणकावरचे असेल, तर त्या वेळात काही सुचेल अशी अपेक्षा ठेवू नका, कारण ते काम मनालाच गुंतवून ठेवते. त्याऐवजी भांडी घासणे, कपड्यांच्या घड्या करणे, भाजी निवडणे, स्टेशनपर्यंत चालत जाणे यांपैकी एक काम निवडा आणि त्या वेळी मोबाइल, गाणी, बातम्या, सगळे बंद ठेवा. मी स्वतः भाजी निवडताना हे करते. सुरुवातीला मनात केवळ उद्याच्या कामांची यादी फिरत राहते, त्याचा त्रास करून घेऊ नये. ती संपली की आदल्या दिवशी कानावर पडलेले एखादे वाक्य किंवा विसरलेला एखादा चेहरा आपोआप वर येतो. त्याला दोनच ओळींत बसवायचे, आणि सुरुवातीचे शब्द आधीच ठरवून ठेवायचे. मी बरेच दिवस प्रत्येक नोंद ‘आज दारात’ या शब्दांनी सुरू करत असे, आणि त्या बंधनामुळे मला अडचण होण्याऐवजी सोपेच गेले. काम संपताच, हात पुसून, त्या ओळी वहीत उतरवायच्या. रात्रीपर्यंत त्या लक्षात राहतील यावर विसंबू नये.

याशिवाय एक सोबती शोधा, ज्याला या ओळी रोज ऐकवता येतील आणि जो त्यांना गुण देणार नाही, तर आपली एक ओळ पुढे जोडेल. आपल्याकडे एकट्याने खोली बंद करून लिहिण्याला नको तेवढे महत्त्व मिळाले आहे असे माझे स्पष्ट मत आहे. राईरकर आणि पॉइटवाँ यांच्या संग्रहातील पुष्कळ ओव्या ‘परी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया या संकेतस्थळावर ध्वनिमुद्रणासह उपलब्ध आहेत. एकाच विषयावरच्या पाच-सहा ओव्या सलग ऐका, आणि मग त्याच विषयावर सातवी तुम्ही रचून पाहा.