दूरच्या केंद्रांच्या नोंदी आणि पुढचे शिक्षण

प्रश्न : माझा मुलगा अकरावी विज्ञान शाखेत आहे. तो रात्री उशिरापर्यंत शॉर्टवेव्हवर परदेशी केंद्रे ऐकतो, वहीत नोंदी ठेवतो आणि केंद्रांकडून आलेली क्यूएसएल कार्डे (प्रसारण ऐकल्याची पोचपावती) जमवतो. यात काही भवितव्य आहे का, की हा नाद सोडायला सांगू? – एक पालक, मिरज

उत्तर : या छंदावर थेट चरितार्थ चालणे अवघड आहे, हे आधीच सांगितलेले बरे. कार्डांची संख्या प्रवेशाच्या वेळी कोणी विचारणार नाही. वही मात्र आपण स्वतः एकदा नीट पाहावी, असे मी सुचवेन.

नोंदीत फ्रिक्वेन्सी किलोहर्ट्‌झमध्ये आहे का, वेळ यूटीसीमध्ये (आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत) लिहिली आहे का, आणि आपल्याकडे पहाटे साडेपाचपूर्वी ऐकलेल्या केंद्रापुढे आदल्या दिवसाची तारीख पडली आहे का, हे तपासावे. केंद्र कसे ऐकू आले हे नोंदवण्याच्या सिन्पो पद्धतीत संदेशाची तीव्रता, इतर केंद्रांचा अडथळा, खरखर, प्रसारणातील चढउतार आणि एकूण दर्जा यांना 1 ते 5 असे गुण देतात. सगळीकडे सरसकट 5 दिसत असतील, तर त्या नोंदी केवळ कार्ड मिळवण्यासाठी केलेल्या आहेत, असे समजावे. ज्या रात्री अपेक्षित केंद्र लागलेच नाही, तीही रात्र त्याने नोंदवली असेल, तर त्याची वृत्ती संशोधकाची आहे, असे मी म्हणेन.

सूर्यास्तानंतर आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा, खालचा ‘डी’ थर विरतो आणि एरवी त्यात शोषल्या जाणाऱ्या मध्यम लहरी वरच्या थरांवरून परावर्तित होऊन दूरवर पोहोचतात. हे कारण त्याला स्वतःच्या नोंदींवरून समजावून सांगता आले, तर भौतिकशास्त्राची पदवी आणि पुढे वातावरणाच्या वरच्या थरांचा अभ्यास हा मार्ग त्याच्यासाठी खुला आहे. पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत असे संशोधन चालते. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची खोडद येथील महाकाय दुर्बीणही त्याला एकदा दाखवून आणावी. अँटेना वळवण्यात आणि संच उघडण्यात तो अधिक रमत असेल, तर इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन अभियांत्रिकी त्याला अधिक मानवेल.

दूरसंचार विभागाची हौशी रेडिओ परवान्याची (स्वतः रेडिओवरून संदेश पाठवण्यासाठी लागणाऱ्या परवान्याची) परीक्षा बारा वर्षांवरील कोणालाही देता येते, पण ती बारावीनंतर द्यावी. तोपर्यंत रात्रीचे ऐकणे शनिवारपुरते ठेवण्याविषयी आपण त्याच्याशी बोलावे. झोपेअभावी गणिताचे गुण घसरले, तर वर सांगितलेल्या दोन्ही वाटा कठीण होतील.