विचारा की! : साहेब रिटायर झाले, आता आमदारकीला उभं राहायचं म्हणायलेत

प्रश्न : नमस्कार भाऊ. आमचे हे पाटबंधारे खात्यात उपअभियंता होते, रिटायर होऊन दोन वर्षं झाली. नोकरी जवळजवळ सगळी जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर, पाथरी-मानवत पट्ट्यात, क्वार्टरमध्येच राहिलो आम्ही. आता पुढच्या विधानसभेला अपक्ष उभं राहायचं म्हणायलेत. सकाळी उठले की वही, त्यात नकाशे अन् आकडे, अन् संध्याकाळी दोन-तीन जण येतात, "साहेब तुम्हीच पाहिजेत" म्हणतात अन् चहा पिऊन जातात. ग्रॅच्युइटीचे पैसे बँकेत आहेत, त्यावर नजर आहे. मुलगा पुण्याला, तो म्हणतो बाबांना करू दे. मला एवढंच सांगा, रिटायर माणसाला उभं राहता येतं का, पेन्शन बंद होईल का, खर्च किती येतो, अन् डिपॉझिट गेलं तर लोकांत तोंड कसं दाखवायचं?
– एक वहिनी, परभणी जिल्हा

उत्तर : वहिनी, आधी पेन्शनचं सांगतो कारण खरी धास्ती तीच दिसतेय. बंद होत नाही. पेन्शन म्हणजे लाभाचं पद (सरकारी पगार-मानधनाचं पद, ते असेल तर उभं राहता येत नाही) नव्हे, अन् रिटायर झाल्यावर अमुक वर्षं थांबा असाही कायदा नाही, आज रिटायर अन् उद्या अर्ज असं चालतं. वय २५ पूर्ण पाहिजे (ते झालंच आहे म्हणा) अन् राज्यातल्या कुठल्या तरी मतदार यादीत नाव पाहिजे. फक्त एक विचारून घ्या त्यांना, रिटायर झाल्यावर कुठल्या सरकारी योजनेवर मानधनावर सल्लागार वगैरे म्हणून जातात का? बरेच इंजिनिअर जातात. तसं असेल तर अर्जाआधी ते सोडून मोकळं व्हावं, छाननीच्या टेबलावर समोरच्याचा वकील आधी तेच उकरतो.

मी स्वतः निवडणूक शाखेत नायब तहसीलदार म्हणून काम केलंय, त्यामुळे तुमच्या साहेबांचं पुढे कुठे अडतं ते मला दिसायलंय. सरकारी क्वार्टर! अर्जासोबत नमुना २६ चं शपथपत्र असतं, त्यात विचारलेलं असतं की मागच्या १० वर्षांत सरकारी घरात राहिलात का, राहिला असाल तर भाडं, लाईट, पाणी, टेलिफोन यातलं काही थकलेलं नाही हे लिहून द्या अन् ना-देय दाखले जोडा. आता कॅम्पातल्या क्वार्टरचं पाणीबिल कोणाकडे भरायचं हेच जिथे कोणाला माहीत नसायचं तिथे दाखला कोण देणार, हे साहेबांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. ऐन अर्जाच्या आठवड्यात तो क्लार्क रजेवर असतो, असतोच. म्हणून दाखले आधी, वही नंतर.

त्याच शपथपत्रात तुम्हीही आहात, हे त्यांनी सांगितलं का तुम्हाला? नसेल सांगितलं. बायकोचा पॅन, पाच वर्षांची रिटर्न्स, बँकेतली शिल्लक, एफडी, अन् सोनं किती ग्रॅम, सगळं लिहावं लागतं अन् ते सगळं लोकांसाठी खुलं असतं. म्हणजे तुमच्या पाटल्यांचं वजन तुमच्या जावेला मोबाईलवर कळणार. रकाना कोरा सोडला तर भागत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्येच सांगितलंय, काही नसेल तर 'निरंक' लिहा. इंजिनिअर लोकांचं यात सहसा चुकत नाही, एमबी (कामाच्या मोजमापाची वही) भरून भरून हात बसलेला असतो.

त्यांचं चुकतं सूचकांत, म्हणजे अर्जावर सही करून नाव सुचवणाऱ्या मतदारांत. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात अन् दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार पाहिजेत. आमच्याकडे एका वर्षी असेच एक रिटायर साहेब आले होते, कागद असा की नजर लागावी, फाईलला टॅग, पानाला नंबर. छाननीत एक सूचक निघाला शेजारच्या मतदारसंघाच्या यादीतला, गाव शिवेवरचं होतं. राहिले नऊ. अर्ज गेला. साहेब पंधरा मिनिटं खुर्चीवरून उठलेच नाहीत, नुसते त्या यादीकडे बघत बसले, शेवटी आमच्या शिपायाने पाणी आणून दिलं. कायद्याने एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात, डिपॉझिट एकदाच, मग प्रत्येक अर्जाला वेगळे दहा सूचक घ्यावेत अन् सगळ्यांचे यादीतले अनुक्रमांक स्वतः बघावेत, कार्यकर्त्यावर सोडू नये.

आता खर्च. डिपॉझिट १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं नाही पडली की ते जप्त. दोन लाख वैध मतं झाली तर ३३,३३४ तरी पाहिजेत, हे गणित त्यांना करून दाखवा, नाही, त्यांनी केलेलंच असेल, वहीच्या मागच्या पानावर बघा. खर्चाची कायदेशीर मर्यादा आपल्याकडे ४० लाख, २०२२ पासून. मर्यादा म्हणजे तेवढा करायचाच असं नव्हे! निवडणुकीचं वेगळं बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी काढायचं, सगळं त्यातूनच. चहा, नाश्ता, खुर्ची, मंडप, जीप, सगळ्याचे दर जिल्हा निवडणूक अधिकारी ठरवून देतात, साहेबांना म्हणावं आपलं डीएसआर (सरकारी कामांची दरसूची) असतं ना तसंच, त्यांना लगेच कळेल. अन् हरले तरी निकालापासून ३० दिवसांत हिशोब द्यावाच लागतो, नाही दिला तर तीन वर्षं निवडणूक बंद होऊ शकते. हरलेली माणसं हेच विसरतात, घरात तोंड पाडून बसतात अन् पावत्या जीपवाल्याकडेच राहतात.

पण वहिनी, ग्रॅच्युइटी याने संपत नाही, ती संपते बूथवर. एका मतदारसंघात साधारण साडेतीनशे बूथ धरा. प्रत्येक बूथवर पहाटेपासून संध्याकाळपर्यंत तुमचा एक पोलिंग एजंट बसला पाहिजे, त्याला चहा-भाकरी, गाडीतेल, माणशी ५०० जरी धरले तरी पावणेदोन लाख त्या एका दिवसाचे. अन् पैशाचं सोडा, माणसं कुठून आणणार? संध्याकाळी चहाला येणारे तीन, पाहिजेत साडेतीनशे. मोठ्या मोठ्यांचं इथेच झालंय. कोकण रेल्वे बांधणारे ई. श्रीधरन, देशभर नाव, मेट्रो मॅन, २०२१ ला वयाच्या ८८ व्या वर्षी केरळात पालक्काडहून भाजपतर्फे विधानसभेला उभे राहिले, मागे पक्ष होता तरी ३,८५९ मतांनी पडले. मुख्य निवडणूक आयुक्त म्हणून निवडणूक आयोगच ज्यांनी गाजवला ते टी. एन. शेषन १९९९ ला गांधीनगरला लोकसभेला उभे राहिले, समोर अडवाणी, तेही पडले.

तुमच्या साहेबांकडे काही नाही असं मी म्हणत नाही हां. डावा कालवा २०८ किलोमीटरचा, त्यावर कुठे अस्तर उखडलंय, कुठली चारी (शेतापर्यंतचा छोटा पाट) फक्त कागदावर वाहते, टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला, पाणी का पोचत नाही हे ज्याला साखळी क्रमांकासकट (कालव्यावरच्या अंतराच्या आकड्यासकट) पाठ आहे असा माणूस २८८ च्या सभागृहात गेला तर मला आवडेलच. मराठवाड्याचे ४६ आमदार, त्यातल्या किती जणांनी आवर्तन (कालव्याला पाणी सोडायची पाळी) चालू असताना रात्री दोनला गेटवर बॅटरी मारून पाणी बघितलंय? पण बोलायचं कसं हा घोळ होतो. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के पाणी नसेल तर नगर-नाशिकच्या धरणांतून खाली पाणी सोडायचं, हे समन्यायी वाटपाचं सूत्र ते पारावर दलघमीत (दशलक्ष घनमीटरात) सांगायला लागले की लोक उठून जातील. लोकांना ऐकायचं असतं की माझ्या उसाला पाळी कधी. अन् दुसरं, जरा कडू आहे, टेलच्या गावात लोक त्यांना ओळखतात ते पाणी न देणारा साहेब म्हणून. चूक त्यांची नसेलही, वरून आलंच नाही तर ते काय करणार, पण पंचनाम्याला जीपमधून उतरलेलं तोंड लोक विसरत नाहीत.

म्हणून नाही म्हणू नका अन् हो पण म्हणू नका. पुढची निवडणूक वेळेवर झाली तर २०२९ ला, वेळ आहे. त्यांना म्हणावं यंदाच्या रब्बीच्या पाळ्यांत टेलच्या दहा गावांत एसटीने जाऊन या, वही घरी ठेवून, शेतकऱ्यांची एक पाणी वापर संस्था घ्या अन् शेतकऱ्यांनी सिंचन सांभाळण्याच्या २००५ च्या कायद्यात तिला जे हक्क दिलेत त्यातला एक तरी मिळवून द्या. परत येताना किती जण स्टँडपर्यंत सोडायला येतात ते मोजा. ग्रॅच्युइटीचं तर स्पष्टच सांगतो, निम्मी तुमच्या नावाने एफडी करून टाका आत्ताच, आमचं ऑपरेशन-दुखणं कोण बघणार म्हणून सांगा. शपथपत्रात दाखवावी लागेल, पण मोडता येणार नाही, निदान तुमच्या सहीशिवाय.

अन् डिपॉझिटची लाज कशाला, दर निवडणुकीत बहुतेक अपक्षांचं जातंच.

प्रश्न : आमच्या काकांना अपक्षाचं चिन्ह म्हणून धरण किंवा कालवा मिळेल का?
– एक पुतण्या, सेलू

उत्तर : (वहिनींच्याच घरचे का हो तुम्ही?) मनाने चिन्ह काढता येत नाही. आयोगाची मुक्त चिन्हांची यादी असते, त्यातली तीन पसंतीक्रमाने अर्जात लिहायची, एकच चिन्ह दोघा अपक्षांना पाहिजे असेल तर चिठ्ठी. शिट्टी, प्रेशर कुकर, रोड रोलर असलं मिळतं. रोड रोलर काकांना चालेल, पण बांधकाम खात्याचं वाटेल, म्हणून नाक मुरडतील. शिट्टी घ्या, पोरं फुकट वाजवतात.