फूल, कडी आणि आइसलँडमधले सॉसेज

ताई, तुम्हाला नागपुरातल्या बेस्याच्या तुमच्या सोसायटीत ८ मार्चला, महिला दिनाला, पाच मिनिटं बोलायचंय, संगीत खुर्ची आणि वाणाच्या डब्यांपलीकडचं काही हवंय, म्हणून बाहेरच्या देशांत हा दिवस कसा करतात असं विचारलंत. आधी एक सांगते. तुमच्या प्रश्नाला उत्तर म्हणून दोघांनी ‘१८५७ साली न्यूयॉर्कमध्ये ८ मार्चला बायकांनी मोर्चा काढला’ हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर चिकटवलाय, तो घेऊ नका. त्या मोर्च्याचा माग काढायला गेलेल्या इतिहासकारांच्या हाती काहीच लागलं नाही.

दिवसाची कल्पना १९१० ची, कोपनहेगनच्या समाजवादी महिला परिषदेतली. जर्मनीच्या समाजवादी नेत्या क्लारा झेटकिन यांनी ती मांडली, पण तारीख ठरवली नव्हती. पुढच्या वर्षी जर्मनी, ऑस्ट्रिया, डेन्मार्क आणि स्वित्झर्लंडमध्ये हा दिवस झाला तो १९ मार्चला. ८ तारीख पक्की झाली ती १९१७ मुळे. रशियातल्या पेट्रोग्राडच्या (आजचं सेंट पीटर्सबर्ग) कापडगिरण्यांतल्या बायका भाकरीसाठी संप करून रस्त्यावर आल्या आणि आठवड्याभरात झार पायउतार झाला. रशियाच्या जुन्या पंचांगात त्या दिवशी २३ फेब्रुवारी होती, आपल्या कॅलेंडरात ८ मार्च.

त्याच रशियात १९६५ पासून ही सरकारी सुट्टी आहे आणि आता तो फुलांचा दिवस झालाय. पुरुष सकाळी ट्यूलिप आणायला धावतात, फुलवाले भाव चढवतात. चीनमध्ये बायकांना अर्धा दिवस सुट्टी असते, पण ऑनलाइन दुकानांनी त्याचा ‘राणी दिवस’ करून सेल लावले. पोलंडची गोष्ट तर मला फार आवडते. कम्युनिस्ट राजवटीत तिथे कामावरच्या प्रत्येक बाईला एक कार्नेशनचं फूल आणि पायमोजांची जोडी मिळायची, आणि ती मिळाल्याची सही करून द्यावी लागायची!

हे वाचून मला आमची कचेरी आठवली. नागपुरातल्या एका सरकारी कार्यालयात मी ३१ वर्षं काढली. ८ मार्चला चार वाजता आम्हाला हॉलमध्ये बोलवायचे. प्लास्टिकात गुंडाळलेला एकेक गुलाब, मग साहेबांचं भाषण, मग समोसा. समोशाच्या प्लेटा आमच्यातल्याच दोघी उचलायच्या. आणि बायकांच्या बाथरूमला आतून कडी नव्हती. एकीने आत जायचं, दुसरीने दाराशी उभं राहायचं. एका वर्षी आम्ही सात जणींनी गुलाब टेबलावरच ठेवले आणि कडीचा अर्ज दिला. शिपाईदादा म्हणाले, ‘मॅडम, कडीसाठी अर्ज काहून देता, सांगतलं असतं तं मीच लावून देली असती नं बापा.’ चार वर्षं तोंडी सांगतच होतो. कडी जूनमध्ये लागली.

फुलावर माझा राग नाही बरं. इटलीत ८ मार्चला पिवळ्या मिमोझाची डहाळी देतात, ती प्रथा १९४६ ची. महायुद्धात फॅसिस्टांविरुद्ध लढलेल्या तेरेसा माटेई आणि त्यांच्या मैत्रिणींनी हे फूल निवडलं, कारण मार्चच्या सुरुवातीला ते सगळीकडे फुललेलं असतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. दिसायला थेट आपल्या बाभळीचे गोंडे, झाडही बाभळीच्याच गोतातलं. आपल्याकडे त्या दिवसांत उमरेड रोडने जा, पळस पेटलेला असतो. हॉल सजवायचाच असेल तर खाली पडलेली ती फुलं टोपलीभर आणा, प्लास्टिकातले गुलाब नकोत.

सगळ्या देशांत ८ मार्चच असतो असंही नाही. दक्षिण आफ्रिकेत महिला दिनाची सुट्टी ९ ऑगस्टला. १९५६ साली त्या दिवशी जवळपास २०,००० बायका प्रिटोरियाच्या सरकारी इमारतीसमोर जमल्या. काळ्या बायकांनी सतत पास, म्हणजे सरकारी परवाना, जवळ बाळगावा या सक्तीविरुद्ध सह्यांचे गठ्ठे घेऊन आल्या होत्या. पंतप्रधान भेटले नाहीत. बायका अर्धा तास एक शब्द न बोलता उभ्या राहिल्या. हजारो बायका आणि अर्धा तास शांतता, हे हॉलमध्ये सांगाल तेव्हा मध्ये जरा थांबा.

पण तुमच्या पाच मिनिटांतली तीन आइसलँडला द्या. २४ ऑक्टोबर १९७५. तिथल्या बायकांनी ठरवलं, आज काहीच करायचं नाही, नोकरी नाही आणि घरचंही नाही. ‘संप’ म्हटलं असतं तर नोकऱ्या जायची भीती, म्हणून नाव ठेवलं ‘सुट्टीचा दिवस’. ९० टक्के बायका सामील झाल्या. शाळा बंद, टेलिफोन ठप्प. बाप लोक पोरांना ऑफिसात घेऊन गेले, रेडिओवर बातम्या चालू असताना मागून मुलांचा गलका ऐकू येत होता. संध्याकाळपर्यंत दुकानांतले सॉसेज, म्हणजे मांसाच्या तयार नळ्या, संपले, कारण पटकन शिजणारं आणि मुलं मुकाट्याने खातील असं तेवढंच पुरुषांना सुचलं. पाच वर्षांनी त्याच देशाने विग्दिस फिनबोगादोत्तिर यांना राष्ट्राध्यक्ष निवडलं. निवडणूक जिंकून राष्ट्राध्यक्ष झालेल्या त्या जगातल्या पहिल्या बाई.

उरलेल्या वेळात परदेशातून घरी या. २० जुलै १९४२ ला आपल्या नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे, बाबासाहेब आंबेडकर स्वतः बोलले, हजारो बाया आल्या होत्या. ठराव ऐका: घटस्फोटाचा हक्क, एकाहून जास्त बायका करायला विरोध, गिरणीतल्या कामगार बायांना रजा आणि इजा झाली तर भरपाई. घटस्फोटाचा हक्क देणारा आणि दुसरी बायको करायला बंदी घालणारा हिंदू विवाह कायदा आला १९५५ मध्ये, म्हणजे १३ वर्षांनी. आपल्या शहरातल्या किती जणींना ही तारीख माहीत असते? हात वर करायला सांगून पाहा.

कार्यक्रमाचं विचाराल तर चिठ्ठ्यांची एक पेटी ठेवा. सोसायटीतल्या प्रत्येकीने एक मागणी लिहायची: जिन्यातला दिवा, पाळणाघर, पार्किंगमधला अंधार, काहीही. भांडी घासणाऱ्या आणि झाडणाऱ्या बायांच्याही चिठ्ठ्या घ्या, त्यांना लिफ्ट वापरू देत नसाल तर पहिली चिठ्ठी तीच निघेल. चिठ्ठ्या मोठ्याने वाचा आणि मागणी कधी पुरी होणार याची कमिटीकडून तारीख घ्या.

नाश्ता तर्री-पोहे, आणि तो पुरुषांनी करायचा, प्लेटाही त्यांनीच उचलायच्या. फक्त पोहे चाळणीत धुवायचे असतात, रात्रभर भिजत घालायचे नसतात, हे त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. आमच्याकडे एकदा झालंय.