बाळ लहान आहे म्हणून पीएच.डी. सोडू?

ताई,

नागपूरच्या मनीषनगरहून पाठवलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. वय ३१, सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी., जानेवारी २०२३ मध्ये पीएच.डी.ला प्रवेश, विषय सांडपाण्यातले जिवाणू. मुलगी चौदा महिन्यांची. यजमान बुटीबोरीच्या कंपनीत, दर आठवड्याला बदलणारी शिफ्ट. सासूबाई बाळाला प्रेमाने सांभाळतात, पण गुडघ्यांमुळे दिवसभर तिच्यामागे धावणं त्यांना झेपत नाही. घरचे म्हणतात, "पीएच.डी. सोड, बी.एड. कर, बाईमाणसाला शाळा सोयीची." आणि तुम्ही विचारता, सोडून देऊ का?

नका सोडू. तुम्हाला शिकवायची ओढ असती तर मीच बी.एड. सुचवलं असतं, पण पत्रात ती ओढ कुठेच दिसत नाही. शिवाय ही वाट सोयीचीही नाही. दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम, त्यात २० आठवडे शाळेत सराव, पुढे शिक्षकभरतीसाठीची अभियोग्यता चाचणी आणि भरतीची वाट पाहणं. तेवढ्याच काळात तुमचा प्रबंध बराच पुढे गेलेला असेल. आईपणाला 'सोयीचं' म्हणून नावडतं काम गळ्यात बांधून घेतलेल्या बायका माझ्याकडे चाळिशीत येतात. तेव्हा मुलं मोठी झालेली असतात आणि त्या मात्र तिथेच अडकलेल्या असतात. तुमचं तसं होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आता नियम बघा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या विनियमांप्रमाणे पीएच.डी.ची मुदत ६ वर्षं. पुनर्नोंदणी करून २ वर्षं वाढवता येतात, आणि महिला संशोधकांना त्यावर आणखी २ मिळू शकतात, म्हणजे जास्तीत जास्त १०. याशिवाय संपूर्ण कालावधीत मातृत्व किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. तुम्ही बाळंतपणात विभागात जाणं नुसतं थांबवलं, रजेचा अर्ज केलाच नाही, असं पत्रावरून दिसतं. ते आधी निस्तरा. दर सहामाहीला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते, तिथे न कळवलेली गैरहजेरी अंगाशी येते.

खरा पेच वेळेचा आहे. तुम्ही कोलिफॉर्मच्या प्लेट लावता, म्हणजे ते जिवाणू तबकडीत वाढवून मोजता. आज लावलेली प्लेट चोवीस तासांनी मोजावीच लागते, बाळाला ताप आला म्हणून ती थांबत नाही. म्हणजे तुम्हाला रोज आठ तास नकोत, लागोपाठच्या सकाळी हव्यात. यजमानांची दुसरी शिफ्ट असते त्या आठवड्यात ते दुपारपर्यंत घरी असतात. तो आठवडा लॅबचा. सकाळी आठला निघा, एकपर्यंत परत या. बाळाची आंघोळ, नाश्ता, झोपवणं त्यांनी करायचं, आणि सासूबाई सोबतीला. पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात ते दुपारी चारच्या सुमारास घरी येतात, तेव्हा संध्याकाळचे दोन तास वाचन-लेखनाचे. रात्रपाळीचा आठवडा हिशोबात धरूच नका. माणूस जागून आलेला असतो, त्याच्यावर बाळ टाकलं की भांडणं होतात. पुढे मुलगी रुळली की जवळच्या पाळणाघरात दोन तासांपासून सुरुवात करा. सासूबाईंना ते आवडणार नाही, पण त्यांच्या गुडघ्यांसाठीच हे करतोय असं यजमानांनी सांगावं. ते बोलणं तुमच्यावर पडू देऊ नका.

तुम्ही लिहिलंय, "फेलोशिप नाही, घरात एक पैसा आणत नाही, मग कोणत्या तोंडाने वेळ मागू?" हे वाक्य वाचून मला वाईट वाटलं. बाळाचं दिवसरात्र करणं हे काम नाही का? पैशांचाच प्रश्न असेल तर केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची वाइज-किरण योजना आहे. तिच्यात पीएच.डी. करणाऱ्या २७ ते ४५ वयाच्या महिलांसाठी फेलोशिप आहे. जाहिरातीवर लक्ष ठेवा, आणि प्रस्ताव आत्तापासूनच मार्गदर्शकांसोबत लिहायला घ्या.

तुमच्या विषयाला या शहरात मोल आहे. नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था इथेच आहे, १९५८ पासून. भांडेवाडीत शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं, आणि सांडपाण्याने नाग नदीचं काय झालंय ते आपण रोज पुलावरून बघतो. पाण्यातले जिवाणू ओळखणारी माणसं नागपूरला लागणारच आहेत.

लॅबला निघताना मुलगी रडेल, तुमच्या पोटात कालवेल. पहिले काही आठवडे हे होणारच. त्यावरून आपण वाईट आई आहोत असं ठरवू नका.

या आठवड्यात एकच काम करा. रजेचा अर्ज लिहा, बाळाचा जन्मदाखला जोडा, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ते स्पष्ट नमूद करा. मागच्या तारखांची रजा मंजूर होईल की नाही, हे मार्गदर्शकांना आणि विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागात तोंडी न विचारता लेखी विचारा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या, आणि ती प्रत घरी जपून ठेवा.