कुठलं गाणं ऐकता ते आधी सांगा, मग स्पीकर बघू

गणपती जवळ आले की आपल्याकडं स्पीकरचे प्रश्न वाढतात, या खेपेला तर निम्मी पत्रं त्याचीच आहेत. बहुतेकांनी एका ओळीत विचारलंय, "चांगला स्पीकर कुठला?" असं कसं सांगणार हो. त्यामुळं काय ऐकता आणि खोली केवढी हे ज्यांनी लिहिलंय त्यांचेच प्रश्न घेतोय.

प्रश्न : वडील रोज सकाळी ख्याल नाहीतर नाट्यसंगीत लावतात. केसरबाई, मोगूबाई, भीमसेनजी, त्यात जुन्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) रेकॉर्डवरनं उतरवलेलं पण बरंच. खोली दहा बाय बारा, खाली शहाबादी फरशी. मुलगा म्हणतोय सबवूफरवाला होम थिएटर सेट घ्या, ४० हजारात बसतो. घेऊ का? (एक वाचक, राजारामपुरी)

नका घेऊ. मुलाला सिनेमा बघायचा असंल तर ते वेगळं, पण वडिलांच्या गाण्यासाठी नको. कारण सांगतो. त्या सेटमधले छोटे डबे असतात ना, त्यांचा कोन (आवाज काढणारा थरथरता पडदा) अडीच-तीन इंची, तो खालचे सूर काढूच शकत नाही, म्हणून कंपनी दीडशे-दोनशे हर्ट्झच्या (सेकंदाला तेवढी कंपनं) खालचं सगळं सबवूफरकडं, म्हणजे नुसता बेस काढणाऱ्या मोठ्या डब्याकडं ढकलते. आता पुरुष गायकाची पट्टी काळी एक धरा, तर मध्य षड्ज (मधला सा) येतो १३८ हर्ट्झच्या आसपास आणि मंद्र षड्ज त्याच्या निम्म्यावर, सत्तरच्या जवळ. म्हणजे भीमसेनजी वर गेले की समोरच्या डब्यातनं आणि खाली उतरले की कोपऱ्यातल्या सबमधनं, एकाच माणसाचा गळा दोन ठिकाणी! वडिलांना कारण सांगता येणार नाही कदाचित, पण "काहीतरी खटकतंय" एवढं ते पहिल्याच दिवशी म्हणतील.

त्यापेक्षा साधा स्टिरिओ घ्या. साडेपाच-सहा इंची वूफरचे टू-वे (खालच्या सुरांना वूफर, वरच्यांना ट्विटर) बुकशेल्फ स्पीकर आणि एक बरा अ‍ॅम्प्लिफायर, दोन्ही मिळून तुमच्या पैशात बसवायचं, त्यात जास्त वाटा स्पीकरला. वूफर सत्तर हर्ट्झपर्यंत नीट उतरला तरी ख्यालाचं काम भागतं.

दुकानात जाताना वडिलांना घेऊन जा आणि त्यांचीच गाणी घेऊन जा, दुकानदाराचा डेमो ऐकूच नका, तो कुठल्याही स्पीकरवर भारीच वाजतो. दोनच गोष्टींकडं कान द्या. एक, गाणं सुरू व्हायच्या आधीचा तानपुरा. जवारी (तारांची झणझण) सुटी सुटी ऐकू येते का, की नुसती घूं घूं? दोन, डग्गा. मनगट सरकवून मींड काढली की सूर वर चढताना कळला पाहिजे, वाईट स्पीकरवर प्रत्येक घाव सारखाच धब्ब वाजतो. हे दोन जमलं की गळा बहुतेक जमतोच.

७८ च्या रेकॉर्डींचं जरा वेगळं आहे. १९२५ च्या आधीचं ध्वनिमुद्रण तर माईक नसताना भोंग्यासमोर गाऊन केलेलं, त्यात वरचे सूर मुळातच नाहीत, वर आहे ती नुसती खरखर. फार चकचकीत ट्रेबलवाला स्पीकर ती खरखर पुढं आणून ठेवतो आणि गाणं मागं राहतं. म्हणून रेशमी किंवा कापडी डोमचा ट्विटर बघा, आणि तरीही खुपलं तर स्पीकरचं तोंड सरळ कानावर न रोखता थोडं बाहेर वळवायचं.

खोलीचं राहिलंच. दहा फुटी भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपास आवाज घुमतो, आणि छत पण दहा फुटांवर असलं तर तोच आकडा परत, म्हणजे दुप्पट घुमणार. कोपऱ्यात स्पीकर ठेवू नका, मागच्या भिंतीपासून फूट-दीड फूट पुढं ओढा, स्टँडवर ठेवून ट्विटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आणा आणि मधल्या फरशीवर जाड सतरंजी टाका. सतरंजीनं ५६ चं घुमणं जाणार नाही, पण फरशीवरनं परतणारा वरचा चरचराट नक्की कमी होतो. अल्लादियाँ खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी होते त्या आपल्या कोल्हापुरात ख्याल ऐकायला सबवूफर घेणं जरा जिवावरच येतं, पण तो माझा हट्ट समजा.

प्रश्न : मला हलगी, ढोलकी, लावणी, लेझीम, वर जुनी मराठी पिक्चरची गाणी. हॉल मोठा आहे, बारा बाय वीस, स्वयंपाकघर उघडंच. अ‍ॅम्प जुना ३० वॅटचा. आवाज लावला की दम येत नाही, फाटतो. बारा इंची वूफर टाकू का? (एक वाचक, मंगळवार पेठ)

भाऊ, मिरवणुकीतल्या डॉल्बीनं आपल्या सगळ्यांचे कान बिघडवलेत, दम म्हणजे बेस असं डोक्यात बसलंय. हलगीत बेस असतोच कुठं! पातळ काडी ताणलेल्या चामड्यावर पडते ती पहिली कडक चापट हीच हलगी, ती क्षणात येऊन क्षणात संपते, आणि तेवढ्या क्षणापुरती अ‍ॅम्पकडं भरपूर ताकद लागते. तुमचा अ‍ॅम्प तिथं कमी पडतो, म्हणून फाटतं.

इथं डब्यामागचा सेन्सिटिव्हिटीचा आकडा बघा. एका वॅटला एका मीटरवर किती डेसिबल, ते तिथं लिहिलेलं असतं. ८७ च्या जागी ९० वाला घेतला तर तेवढ्याच आवाजाला निम्मी ताकद पुरते, म्हणजे तुमचे ३० वॅट साठासारखे वाजतील, अ‍ॅम्प न बदलता. म्हणून ९० च्या वरचे टॉवर (जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर) ऐका, क्लिप्श कंपनीसारखे हॉर्नवाले (ट्विटरला भोंगा असलेले) तर मुद्दाम ऐका, ढोलकीच्या शाईवरची बोटं त्यात एकदम समोर येतात. मात्र जुनी पिक्चरची गाणी पण लावून बघा, हॉर्न काहींच्या कानाला टोचतो.

आणि तोवर तो फाटका आवाज ऐकत बसू नका, अ‍ॅम्प कापायला लागला, म्हणजे ताकद संपून आवाजाची टोकं छाटायला लागला, की पहिला ट्विटर जळतो. लोकांना वाटतं मोठ्या अ‍ॅम्पनं स्पीकर उडतात, पण छोटा अ‍ॅम्प पूर्ण पिळून उडवलेलेच जास्त निघतात. पीएमपीओचा (जाहिरातीतला फुगवलेला वॅट) आकडा कुणी दाखवला तर तिथनं उठा, आरएमएस (सतत मिळणारी खरी ताकद) विचारा.

प्रश्न : दादा, मी हिपहॉप आणि ईडीएम (इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक) ऐकतो, थोडं मेटल पण. रूमवर राहतो, मालक खालीच. बेस पाहिजे पण बोंब नको. (एक विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ परिसर)

भावा, दोन्ही पाहिजे म्हणतोयस तू! तुझ्या गाण्यातला खालचा बेस ३० ते ६० हर्ट्झमधला, तो भिंतीला, स्लॅबला विचारत नाही, आरपार जातो. त्यामुळं मालक झोपला की हेडफोन, यावर दुसरा इलाज नाही. दिवसा ऐकायला अ‍ॅम्प आतच असलेले पाच इंची अ‍ॅक्टिव्ह मॉनिटर घे, टेबलावर तीन फुटांवर ठेव, जवळ बसलास की कमी आवाजात पण भरल्यासारखं वाटतं. खाली फोमचे तुकडे घाल म्हणजे टेबल थरथरणार नाही. मागं पोर्टचं भोक असंल आणि भिंत चिकटून असंल तर त्यात फोमचा बोळा कोंबून बघ, बेस कमी होतो पण आखडून नेमका येतो. मेटलला त्याचा फायदाच आहे, डबल बास ड्रमचा चिखल होत नाही. ईडीएमला थोडं कमी वाटंल, तेव्हा काढून ठेव.

प्रश्न : चार ओहमचे स्पीकर आठ ओहमच्या अ‍ॅम्पला चालतील का? (एक वाचक, कागल)

अ‍ॅम्पच्या मागं "४ ते ८" असं छापलं असंल तर बिनधास्त. नुसतं ८ असंल तर नको, तापंल.

प्रश्न : दुकानदार स्पीकरची वायर मीटरला हजार रुपये सांगतोय. घेऊ? आणि नवे स्पीकर जोडलेत पण गाणारा मधोमध न येता कुठंतरी पसरल्यासारखा वाटतो, बेस पण गायब. (एक वाचक, शाहूपुरी)

वायरीचं सोडा, इलेक्ट्रिकच्या दुकानातली दीड किंवा अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घरातल्या पाच-सहा मीटरला पुरते. तुमचं दुखणं दुसरंच दिसतंय, एका स्पीकरची लाल-काळी उलटी लागलीय. त्यामुळं एक कोन पुढं येतो तेव्हा दुसरा मागं जातो आणि बेस एकमेकांत खाऊन टाकतात. अ‍ॅम्प बंद करा, एकाच स्पीकरच्या दोन वायरी अदलाबदल करून जोडा, दोन्हीच्या नाही, आणि परत तेच गाणं लावा. गाणारा मधोमध आला तर नवे स्पीकर परत करायला जाऊ नका.