बार्सिलोनात मोर्चाच्या दिवशी

या अंकात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी स्पेनमधल्या बार्सिलोनाबद्दल आहेत. कातालोन्या प्रांताच्या स्वातंत्र्याची मागणी, तिथले मोर्चे, आणि त्यात आपला प्रवास कसा होईल ही काळजी. त्यातली पाच पत्रं घेतली आहेत.

आम्ही दोघं (वय ६३ आणि ५८) आणि सून सप्टेंबरमध्ये ९ दिवस बार्सिलोनाला जाणार आहोत. ११ सप्टेंबरला तिथे स्वातंत्र्यवाद्यांचा मोठा मोर्चा असतो असं कळलं. २०१९ चे जाळपोळीचे व्हिडिओ पाहून मुलगा तिकिटं रद्द करा म्हणतो. काय करावं? — राजारामपुरी, कोल्हापूर

रद्द करू नका. मुलाने पाहिलेले व्हिडिओ खरे आहेत, पण ते ११ सप्टेंबरचे नाहीत. १ ऑक्टोबर २०१७ ला न्यायालयाची बंदी झुगारून तिथे सार्वमत घेतलं गेलं आणि पोलिसांनी मतदान केंद्रांवर लाठ्या चालवल्या. त्याबद्दल १४ ऑक्टोबर २०१९ ला स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने नऊ स्वातंत्र्यवादी नेत्यांना ९ ते १३ वर्षांच्या शिक्षा सुनावल्या, आणि त्यानंतरच्या आठवड्यात रोज रात्री कचऱ्याच्या पेट्या जळाल्या. ते व्हिडिओ त्या आठवड्यातले. २०२१ मध्ये त्या नऊ जणांना माफी मिळाली, २०२४ मध्ये सार्वत्रिक माफीचा कायदा झाला, आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत स्वातंत्र्यवादी पक्षांचं प्रांतिक विधानसभेतलं बहुमत गेलं. मागणी संपलेली नाही, पण रस्ता बराच शांत झाला आहे.

११ सप्टेंबर हा 'दियादा', त्यांचा प्रांतिक दिन. १७१४ मध्ये याच दिवशी शहर पडलं, म्हणून मोर्चा अनेकदा मुद्दाम संध्याकाळी ५ वाजून १४ मिनिटांनी, म्हणजे १७:१४ ला सुरू होतो. त्यात आजी-आजोबा असतात, बाबागाड्या असतात. अडचण एवढीच की त्या दिवशी सुट्टी असल्याने बहुतेक दुकानं बंद असतात आणि दुपारनंतर मोर्चाच्या वाटेवरच्या बस वळवल्या जातात. किराणा आदल्या दिवशी भरा. साग्रादा फामिलिया या तिथल्या प्रसिद्ध चर्चचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं, ते ११ तारखेला घ्यायचंच असेल तर सकाळचं घ्या.

आपल्याकडे मोर्चा म्हटला की दसरा चौक, बिंदू चौक, कलेक्टर कचेरी ही नावं कुणालाही सांगावी लागत नाहीत. तिथली तशी ठिकाणं पाठ करा: प्रांतिक सरकार आणि महापालिका समोरासमोर असलेला प्लासा सांत जाउमे, पोलीस मुख्यालय असलेला विया लायेताना रस्ता, आणि त्याच्या वरच्या टोकाचा उर्किनाओना चौक. २०१९ ची सर्वांत वाईट रात्र उर्किनाओनाला झाली. साग्रादा फामिलिया तिथून सुमारे दोन किलोमीटरवर आहे. म्हणून खोली या तीन ठिकाणांच्या आसपास घेऊ नका. सांत आंतोनी, पोब्ले-सेक, ग्रासिया किंवा पोब्लेनोऊ बघा, आणि बुकिंग फुकटात रद्द होणारं असू द्या.

रात्री दहाला बाल्कन्यांतून भांडी बडवल्याचा आवाज आला तर घाबरू नका. तो 'कासोलादा', घरबसल्या केलेला निषेध. थोड्या वेळाने थांबतो.

चालता चालता पोलीस आणि जमाव समोरासमोर आलेले दिसले तर नेमकं कुठे वळायचं? मला दमा आहे. — कसबा बावडा

शहराच्या कोणत्या भागात आहात त्यावर अवलंबून आहे. एशाम्पले हा नवा भाग सारख्या चौकोनांचा आहे. एक ठोकळा साधारण ११३ मीटरचा, मधला रस्ता २० मीटरचा. इथे बाजूला होणं सोपं: जमावाच्या दिशेला काटकोनात वळा, तीन ठोकळे म्हणजे सुमारे ४०० मीटर चाला, मग पुन्हा मूळ दिशा धरा. गोथिक भाग मात्र जुना आणि अरुंद बोळांचा आहे. तिथे फोनवरचा नकाशा चुकतो आणि पुढचं तोंड बंद निघालं तर मागेही गर्दी असते. संध्याकाळी सातनंतर काही चालू असेल तर त्या भागात शिरूच नका.

खुणा लवकर ओळखता येतात. दुकानांची शटर अर्ध्यावर येतात, हॉटेलवाले फुटपाथवरच्या खुर्च्या आत घेतात, मोसोस म्हणजे प्रांतिक पोलिसांच्या गाड्या एका रांगेत लागतात. यातलं काहीही दिसलं की तिथूनच वळा, काय चाललंय ते बघायला थांबू नका. कातालोन्यात मोसोसना रबरी गोळ्या वापरायला २०१४ पासून बंदी आहे, ते फोमच्या गोळ्या वापरतात, आणि त्यांनीही डोळा जाऊ शकतो.

दम्याच्या दृष्टीने मुख्य धोका कचऱ्याच्या जळणाऱ्या प्लास्टिक पेट्यांच्या काळ्या धुराचा. ओला रुमाल धूळ अडवतो, विषारी वायू अडवत नाही. त्यामुळे रुमालाच्या भरवशावर पुढे जाऊ नका, धूर जिकडे वाहतो त्या वाटेतून बाजूला व्हा. इनहेलर खिशात ठेवा, बॅगेत नको. तातडीला पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन सगळ्यांसाठी ११२ हा एकच नंबर.

परतीच्या दिवशीच विमानतळाचा रस्ता अडवला तर? सोबत सासूबाई आहेत, त्यांना फार चालवत नाही. — शाहूपुरी, कोल्हापूर

पूर्ण तयारी करावी असा प्रश्न हाच आहे. १४ ऑक्टोबर २०१९ ला नेत्यांच्या शिक्षेचा निकाल सकाळी आला आणि दुपारी हजारो लोक बार्सिलोनाच्या एल प्रात विमानतळावर धडकले. शंभरावर उड्डाणं रद्द झाली, प्रवासी महामार्गावरून ट्रॉली बॅगा ओढत चालत गेले.

ऊसदराचं आंदोलन पेटून महामार्गावर चक्का जाम झाला की एसटी, ट्रॅव्हल्स आणि घरची गाडी एकाच जागी अडकतात. तिथेही टॅक्सी, एरोबुस (विमानतळाची खास बस) आणि ४६ नंबरची बस हे तीन पर्याय वाटतात, पण रस्त्यावरच आहेत. एक बंद म्हणजे तिन्ही बंद. खरे वेगळे मार्ग दोन: जमिनीखालची एल-९ सूद मेट्रो, जी टर्मिनल १ आणि २ दोन्हीला जाते, आणि आर-२ नॉर्द ही लोकल रेल्वे, जी पसेच दे ग्रासिया व सांत्स स्थानकांवर मिळते पण फक्त टर्मिनल २ ला पोचते. टर्मिनल १ चं विमान असेल तर तिथून विमानतळाची मोफत बस घ्यावी लागते. २०१९ च्या त्या दिवशी आत गर्दी झाल्यावर या दोन्ही सेवाही विमानतळापर्यंत थांबवल्या होत्या. म्हणून लवकर निघणं हाच मुख्य उपाय. विमान रात्रीचं असलं तरी मोर्चे दुपारनंतर वाढतात, तुम्ही सकाळीच जा. नेहमी तीन तास आधी पोचता, त्या दिवशी सहा तास.

मेट्रोच्या विमानतळ स्थानकाला वेगळं तिकीट लागतं, दहा फेऱ्यांचं 'टी-काज्वाल' कार्ड तिथे चालत नाही. लोकलला आणि ४६ नंबरला चालतं. घाईत मशीनसमोर बहुतेक जण इथेच अडखळतात. एरोबुस घ्यायची तर प्लासा कातालुन्याला न जाता प्लासा एस्पान्याच्या थांब्यावर चढा. पहिला चौक मोर्चांचा आहे, दुसरा विमानतळाच्या वाटेवर.

वातावरण तापलं असेल तर शेवटची रात्र एल प्रात गावात, विमानतळावर स्वतःच्या गाडीने सोडणाऱ्या हॉटेलात काढा. सासूबाईंसाठी हे सर्वांत सोयीचं. त्यांच्यासाठी व्हीलचेअर तिकिटावर आधीच नोंदवा, कमीत कमी ४८ तास. २३ किलोची बॅग वयस्कर माणसाच्या हाती देऊ नका, रस्त्याकडेच्या खडीत छोटी चाकं तुटतात. पासपोर्ट, तीन दिवसांची औषधं, चार्जर आणि पाणी पाठीवरच्या छोट्या पिशवीत असू द्या. आणि मुंबईला उतरल्यावर त्याच रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस काढू नका, मध्ये एक दिवस सोडा.

विमान रद्द झालं तर खर्च कोण देतं? आणि व्हिसाचे दिवस संपले तर? — इचलकरंजी

युरोपीय संघाच्या विमानतळावरून सुटणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम लागू होतो, मग कंपनी आखाती असो वा भारतीय. जाताना मात्र, म्हणजे मुंबईहून निघताना, कंपनी युरोपीय असेल तरच. या नियमाने पैसे परत किंवा दुसरं विमान यातलं एक तुम्ही निवडायचं, आणि दुसरं विमान निवडलं तर ते मिळेपर्यंत जेवण आणि गरज पडल्यास हॉटेल कंपनीने द्यायचं. आंदोलन हे 'असाधारण कारण' धरलं जातं, त्यामुळे याशिवायची २५० ते ६०० युरोंची भरपाई बहुधा मिळत नाही. तिच्यासाठी काउंटरवर भांडण्यात वेळ घालवू नका, दुसरं विमान आणि हॉटेल मागा. आणि घाईने 'पैसे परत' दाबू नका. ते दाबलं की हॉटेल-जेवणाची जबाबदारी संपते. कंपनीने काही दिलंच नाही तर बिलं जपून ठेवा.

विम्याच्या कागदात दोन कलमं वाचा. दंगल आणि संप यांमुळे झालेला उशीर व रद्द प्रवास धरला आहे का, आणि 'आधीच माहीत असलेली घटना' वगळली आहे का. दुसऱ्यामुळेच दावे फेटाळले जातात: बातमी पेपरात आल्यावर काढलेली पॉलिसी त्या बातमीला लागू होत नाही. म्हणून तिकिटासोबतच विमा काढा. शेंगेन व्हिसाला (स्पेनसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतंच, पण तेवढ्याच पॉलिसीत बहुधा रद्द प्रवास नसतो.

व्हिसाच्या चिठ्ठीवर तारखा आणि दिवस असे दोन आकडे असतात. तारखांमध्ये सहसा १५ दिवस जास्तीचे धरलेले असतात, पण राहायला परवानगी दिवसांच्या आकड्याएवढीच. ९ दिवस लिहिले असतील तर दहाव्या दिवशी तुम्ही बेकायदा. विमान रद्द होऊन दिवस संपत असतील तर संपण्याआधी राष्ट्रीय पोलिसांच्या परदेशी नागरिक कार्यालयात कंपनीचं रद्द झाल्याचं पत्र घेऊन जा. अशा अपरिहार्य कारणासाठी मुदतवाढ द्यावी आणि तिला शुल्क घेऊ नये असा शेंगेन नियम आहे. त्यापेक्षा अर्ज करतानाच कार्यक्रमात दोन दिवस मोकळे दाखवा.

आमची क्रूझ बार्सिलोनात सकाळी ८ ते संध्याकाळी ६ थांबते. बंद असेल तर उतरावं का? — जयसिंगपूर

उतरा, पण किती लांब जायचं ते आधी ठरवा. मोठी जहाजं मोल आदोसात धक्क्याला लागतात आणि तिथून शहरात यायला पुलावरचा एकच रस्ता आहे. कोलंबसच्या पुतळ्यापर्यंत बंदराची बस चालते. ती थांबली तर वयानुसार पाऊण ते दीड तास चालावं लागेल, तेवढा वेळ राखून परता. जहाजाने स्वतः नेलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, स्वतंत्र फिरणाऱ्यासाठी थांबत नाही. बंदच्या दिवशी हा फरक पैशांपेक्षा मोठा आहे. रोजच्या कार्यक्रमाच्या कागदावर बंदरातल्या एजंटचा नंबर छापलेला असतो, त्याचा फोटो घ्या आणि पासपोर्ट सोबत ठेवा.

बंद लागू आहे का हे पाट्यांवरून कळतं. कातालानमध्ये व्ही-ए-जी-ए अशी अक्षरं दिसली, उच्चार 'बागा', किंवा स्पॅनिशमध्ये 'वेल्गा', तर तो संप. अशा दिवशी 'किमान सेवा' ठरवून दिलेल्या असतात, आणि गाड्या सकाळ-संध्याकाळ जास्त, मधल्या वेळी कमी धावतात. ३ ऑक्टोबर २०१७ आणि १८ ऑक्टोबर २०१९ च्या संपांत साग्रादा फामिलियाही बंद राहिलं होतं, तेव्हा तिकिटाचा मेल तपासूनच जहाजावरून निघा. वाट अडलेली दिसली तर पोलिसाला विचारा: 'पोर दोंदे पुएदो पासार?' म्हणजे कुठून जाऊ? त्यांचे फोटो मात्र जवळून काढू नका. आणि बार्सिलोनाची तुलना आपल्या बेळगावच्या सीमाप्रश्नाशी करून कुणाशी वाद घालू नका, दोन्ही बाजूंच्या घरात दुखावलेली माणसं आहेत.