मे महिन्यात मित्रांसोबत भूमध्य समुद्रातल्या बेटावर निवांत आठवडा घालवायचा आहे. कुठे जावं?

डोळे झाकून ग्रीसचं क्रीट निवडा. बेट पूर्व-पश्चिम सुमारे 260 किलोमीटर पसरलंय, त्यामुळे सगळं पाहायचा हट्ट सोडा आणि पश्चिमेकडच्या हानिया शहरातच मुक्काम टाका. मेच्या सुरुवातीला डोंगरउतारांवर रानफुलं असतात, लेफ्का ओरीच्या शिखरांवर बर्फही शिल्लक असतो, आणि जुन्या व्हेनेशियन बंदरावर ऑगस्टसारखी झुंबड नसते. समुद्र मात्र गारच. पोहणं हाच मुख्य बेत असेल तर सप्टेंबर बरा.

जेवायला डाकोस मागवाच: जवाच्या कडक टोस्टवर किसलेला टोमॅटो, मिझिथ्रा चीज, ओरेगानो आणि ऑलिव्ह तेलाची सढळ धार. टोस्ट टोमॅटोच्या रसात थोडा मुरला की खरी चव लागते. शाकाहारी मित्रांची तर चंगळच.

चालायची हौस असेल तर एक दिवस समारिया घळीसाठी ठेवा. 16 किलोमीटरची ही उतरण साधारण मेच्या सुरुवातीला खुली होते. खाली, जिथे घळ संपते त्या आगिया रुमेली गावाहून गाडीरस्ता नाही, बोटीनेच निघावं लागतं. शेवटच्या बोटीची वेळ आधीच बघून ठेवा.

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो, तेव्हा अर्ज वेळेत करा. 2027 मध्ये ऑर्थोडॉक्स ईस्टर, म्हणजे ग्रीसमधला मोठा सण, 2 मे रोजी आहे, त्या आठवड्यातल्या खोल्या फार आधी बुक करा.